घरे उभी राहिली, गावाचे काय?

नैसर्गिक आपत्तीत घर गमावलेल्या माणसाला घर मिळाले पाहिजे, याविषयी आज कोणाचेही दुमत नाही. मतभेद आहे तो ते घर कोणी बांधावे, कोठे बांधावे आणि कोणाला विचारून बांधावे याविषयी. आपत्तीच्या धामधुमीत नेमके हेच प्रश्न बाजूला पडतात. पाणी ओसरते, पंचनामे होतात, मंत्र्यांचे दौरे होतात, मदतीची घोषणा होते आणि घरबांधणीचा विषय अंदाजपत्रक, निविदा व ठेकेदार या ठरलेल्या वाटेने चालू लागतो. दोन-तीन वर्षांनी किल्ल्या वाटण्याचा समारंभ होतो. त्यानंतर त्या घरांत कोण राहिले, कोण मुकाट्याने जुन्या जागी परतले आणि कोणाच्या भिंतीला पहिल्याच उन्हाळ्यात तडा गेला, याची चौकशी करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. वास्तविक पुनर्वसनाचा हिशेब किल्ल्या वाटल्यावर संपत नाही, तेथून तो सुरू होतो.

वऱ्हाडाने या प्रश्नाकडे परक्या मुलखाचा प्रश्न म्हणून पाहण्याचे कारण नाही. भूकंपाने या प्रदेशाला फारसे छळलेले नाही. त्याच्या वाट्याला आले आहे ते पाणी. उत्तरेकडून सातपुड्याच्या उतारावरून शहानूर, चंद्रभागा, वाण या नद्या वेगाने खाली येतात. दुसऱ्या बाजूने पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा येतात. आणि या सर्वांना पोटात घेणारी पूर्णा मात्र जवळजवळ सपाट अशा काळ्या मैदानातून संथ वाहते. डोंगरात झालेल्या पावसाला खाली निचऱ्याची वाट मिळाली नाही की नदीकाठची गावे पाण्यात जातात. पूर्वेच्या सीमेवर वर्धा नदी आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या पुराने वरूड तालुक्याला लागून असलेल्या, नागपूर जिल्ह्यातील मोवाड या गावाची वाताहत केली. दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि ब्रिटिश काळापासून नगरपालिका असलेल्या या गावाला नव्या जागी वसवावे लागले. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात चोवीस तासांत दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि मोर्णेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांवर हाच प्रसंग आला.

शिवाय वऱ्हाडात महापूर न येताही घरे पडतात. आठ-आठ दिवसांची झड लागली म्हणजे मातीच्या भिंती पाणी पितात, फुगतात आणि उघडीप पडून ऊन आले की बसतात. तहसील कार्यालयाच्या भाषेत याला 'पडझड' म्हणतात. ती 'अंशतः' असते किंवा 'पूर्णतः' असते. एकेका गावात दोन-चार घरे पडतात म्हणून वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही. परंतु अशा पडझडीची बेरीज केली तर जिल्ह्याजिल्ह्यांत दरवर्षी एखादे लहान गाव नाहीसे होत असल्याचे दिसेल. म्हणून पुनर्वसन हा वऱ्हाडासाठी कधीकाळी उद्भवणारा प्रसंग राहिलेला नाही. ती दर पावसाळ्याची गरज आहे.

पांढरी आणि काळी

मराठी मुलखात गावठाणाला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणण्याची रूढी आहे. जुन्या कागदपत्रांत व लोकांच्या तोंडी हे शब्द शतकानुशतके चालत आले आहेत आणि त्यांत केवळ रंगाची नोंद नाही, तर घरबांधणीचे शास्त्र सामावलेले आहे. गाव वसवायचे ते किंचित उंचावर, निचऱ्याच्या पांढऱ्या जमिनीवर. आणि पीक घ्यायचे ते काळ्या जमिनीत. वऱ्हाडातील गढ्या उंचावर दिसतात त्या याच विचाराने. भिंती पांढऱ्या मातीच्या आणि धाब्यावरचा थरही पांढऱ्या मातीचा, कारण ती पाणी शोषून काळीसारखी फुगत नाही.

काळ्या कपाशीच्या जमिनीचा स्वभाव वऱ्हाडातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभे केलेले घर वर्षातून एकदा वर उचलले जाते आणि एकदा खाली बसते. आणि हे सर्व कोपऱ्यांत सारख्या प्रमाणात होत नसल्यामुळे भिंत तिरपी चिरते. विटा भाजलेल्या आहेत की सिमेंट चांगले आहे, याचा येथे उपयोग नाही. दोष पायात असतो. यावर उपाय नाही असे नाही. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर बुंधा असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली. जमिनीतील ओलावा ऋतूप्रमाणे जेथपर्यंत कमीजास्त होतो त्या, साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत, हे खांब नेतात आणि त्यांच्या आधाराने घर स्थिर राहते. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर मध्ये घालून काळ्या जमिनीचा फुगारा आवरता येतो, हे दाखवून दिले. खेड्यातला जाणता गवंडी काळी माती उकरून काढतो, मुरूम भरतो, चोपतो आणि मगच जोते उचलतो. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरशीची पट्टी करतो. शास्त्रज्ञ आणि गवंडी यांचे या बाबतीत भांडण नाही.

मग चूक होते कोठे? ती होते जागा निवडताना. पूरग्रस्त गाव उठवायचे ठरले की शासनाला सलग मोकळी जमीन लागते आणि सलग मोकळी जमीन म्हणजे बहुधा शेत, अर्थात काळी. पूर्वजांनी जी जमीन पिकासाठी राखली तीवर आपण घरे बांधतो आणि अंदाजपत्रक मात्र कठीण जमिनीचे धरतो. पुरापासून वाचलेले कुटुंब अशा रीतीने जमिनीच्या तावडीत सापडते. पूर कधीतरी येतो. काळी दरवर्षी हलते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अडचण आणखी मोठी आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते. त्या पाण्याने कालवलेला माल आणि त्याच पाण्याने भिजवलेला स्लॅब वरून चांगला दिसतो, परंतु आतील सळई गंजत जाते; गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे ढलपे पडू लागतात. विटांना लोणा लागतो, गिलावा सुटतो. मुरूम दुरून आणावा लागतो. मुंबईत अथवा दिल्लीत तयार झालेल्या नकाशात या गोष्टींना स्थान नसते, कारण नकाशा सर्व मुलखांसाठी एकच असतो. ठेकेदाराला बोल लावणे सोपे आहे. त्याला जे मोजमाप दिले ते त्याने पुरे केले. विचारायला हवे ते हे की, मोजमाप ठरवताना गावच्या एखाद्या गवंड्याला, बेलदाराला किंवा सुताराला कोणी विचारले होते काय?

किल्लारीचा धडा

महाराष्ट्राने या विषयाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग धडा ३० सप्टेंबर १९९३ रोजी घेतला. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली आणि शासकीय आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. लोकांना मारले ते भूकंपापेक्षा त्यांच्या घरांनी. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आतला व बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचे ओझे, अशी ती घरे होती.

जागतिक बँकेच्या कर्जासह उभ्या राहिलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात दोन निरनिराळे मार्ग एकाच वेळी अवलंबिले गेले, आणि म्हणूनच हा अनुभव विद्यार्थ्यांनी व शासकांनी अभ्यासण्यासारखा आहे. एका मार्गाने ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. या घरांचे तीन आकार ठरले होते: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली, यात शंका नाही. आणि एवढे प्रचंड काम एवढ्या थोड्या वर्षांत पुरे झाले, याचे श्रेय त्या वेळच्या प्रशासनाला दिलेच पाहिजे. परंतु वसाहती सरळ रेषांत आखलेल्या होत्या आणि जुन्या गावाच्या कित्येक पट जागेत पसरलेल्या होत्या. पार, चावडी, गल्लीच्या तोंडाशी असलेला ओटा, शेजारच्या भिंतीला भिंत लावून उभे असलेले घर या गोष्टी नकाशात आल्या नाहीत. जनावरे कोठे बांधायची, धान्य कोठे ठेवायचे, चूल कोठे मांडायची, हे प्रश्न घर मिळाल्यानंतर सुटायला लागले, म्हणजे लोकांनी ते आपापल्या परीने पत्रे टाकून सोडविले. शिवाय भूकंपाने श्रीमंत-गरीब हा भेद पाहिला नव्हता. पुनर्वसनाने तो चौरस फुटांत मोजून पुन्हा उभा केला.

दुसरा मार्ग कमी गाजला, परंतु अधिक दूरचा ठरला. ज्या गावांत घरे पूर्णपणे पडली नव्हती तेथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व बळकटी घरमालकांच्याच हातून करून घेण्यात आली. पैसा टप्प्याटप्प्याने त्यांच्या खात्यात जमा होई, अभियंता सल्ला देई, गवंड्यांना प्रशिक्षण मिळे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. सिमेंटचे पोते पुरे आले की नाही, पट्टी कोणत्या उंचीवर घालायची, हप्ता कोठे अडला, याचा पाठपुरावा त्यांनी केला. ज्या बायांना तोवर घराच्या बाबतीत शेण-मातीच्या सारवणापलीकडे कोणी काही विचारले नव्हते, त्या अभियंत्यांशी बोलू लागल्या. भिंत बळकट झाली आणि तिच्याबरोबर गावाचा आवाजही थोडा बळकट झाला.

याच अनुभवाचा पुढचा अध्याय गुजरातेत लिहिला गेला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये व आसपास पडलेली सुमारे दोन लाख घरे मुख्यतः मालकांनी स्वतःच बांधली. हप्ता मिळण्यासाठी जोते, लिंटल व छप्पर या टप्प्यांवर तपासणी होत असे. चांगले बांधले तर पुढचे पैसे, नाही तर दुरुस्त करा, असा तो रोखठोक व्यवहार होता. जॉन टर्नर या ब्रिटिश वास्तुविशारदाने १९७२ मध्येच असा सिद्धांत मांडला होता की, घर ही नुसती वस्तू मानू नये. घर करणे ही लोकांची क्रिया मानावी. कच्छने त्या विचाराला मोठ्या प्रमाणावर व्यवहाराची जोड दिली.

याउलट माळीणचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. ३० जुलै २०१४ रोजी, मोवाडच्या पुराला बरोबर २३ वर्षे झाली त्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील हे डोंगरी गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे गेली. एप्रिल २०१७ मध्ये नवे माळीण मोठ्या समारंभाने लोकांच्या हवाली करण्यात आले. शाळा, समाजमंदिर, रस्ते सर्व काही होते. जूनमध्ये पाऊस आला आणि नव्या वसाहतीतील भराव खचला, रस्त्यांना तडे गेले. दरडीतून वाचलेली माणसे पुन्हा भयाने ग्रासली. घरांच्या भिंती भक्कम होत्या. त्यांच्या पायाखालची जमीन पावसाळ्याची परीक्षा पाहण्याआधीच उत्तीर्ण ठरविण्यात आली होती.

आक्षेपांचा विचार

लोकांनी स्वतः घरे बांधावीत असे म्हटले की काही आक्षेप हमखास येतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, अडाणी पद्धतीने बांधलेली घरेच तर पडली. पुन्हा त्याच हातांत काम का द्यावे? याचे उत्तर किल्लारीनेच दिले आहे. दोष हातांचा नव्हता, माहितीचा होता. जो गवंडी आरपार दगड घालत नव्हता त्यालाच तो घालायला शिकविले, तेव्हा त्याने बांधलेले पुढचे प्रत्येक घर, शासनाच्या पैशातून न बांधलेले घरसुद्धा, अधिक सुरक्षित झाले. बाहेरचा ठेकेदार ज्ञान घेऊन येतो आणि ज्ञान घेऊन परत जातो. गावचा गवंडी ते गावातच ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वृद्ध, विधवा, अपंग, रोजच्या मजुरीवर पोट असणारी माणसे स्वतः घर कशी बांधणार? साहित्य मिळविण्यासाठी हिंडणे, गवंड्याच्या मागे लागणे, हप्त्यासाठी तालुक्याच्या खेपा घालणे त्यांना परवडणार नाही. हे खरे आहे. अशा कुटुंबांसाठी गावाने किंवा संस्थेने घर बांधून दिलेच पाहिजे. येथे श्रमदानाची भाषाही जपून वापरली पाहिजे. ज्या मातीत गाडगेबाबांचा जन्म झाला आणि तुकडोजी महाराजांनी गाव घडविण्याची जबाबदारी गावकऱ्यांवर टाकणारी 'ग्रामगीता' लिहिली, त्या मातीला श्रमाची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु पुराने पेरणी वाहून नेलेल्या मजुराला 'स्वतःचेच घर आहे, फुकट राब' असे सांगणे हा श्रमाचा गौरव नसून त्याच्या अडचणीचा फायदा आहे. त्याला मजुरी द्या; तो घरही बांधील आणि तेवढे महिने गावही सोडणार नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. पावसाळा अंगावर असताना ग्रामसभा, चर्चा आणि प्रशिक्षण यांत महिने घालवायचे काय? येथे तात्पुरता निवारा आणि कायमचे घर यांत गल्लत होते. निवारा तत्काळ हवा. घर विचाराने हवे. मात्र निवाऱ्याचा पत्रा कायमचा होऊन बसू नये, ही काळजी घ्यावी लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुण्यात स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार अधिकाऱ्याने पुनर्वसनाची सूत्रे हाती घेतली, पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या आणि शहराला नवी उपनगरे मिळाली. सामान्य कारकून व शिक्षक यांनी आपल्या घरांचा कारभार आपण चालविल्याचे ते उत्तम उदाहरण आहे. परंतु याच पुनर्वसनात काही कुटुंबांना तात्पुरती म्हणून दिलेली निवासस्थाने पिढ्यांची घरे झाली आणि संस्थांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळला. घाईत बांधलेली भिंत पाडता येते. घाईत सोडलेला कागद पन्नास वर्षे छळतो.

पंचनाम्यात न मावणारा माणूस

कागदाचा प्रश्न आला की या विषयाचे सर्वांत दुखरे अंग समोर येते. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत, पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये धरले आहेत. झोपडीसाठी ८,००० रुपये आणि जनावरांच्या गोठ्यासाठी ३,००० रुपये. त्याबरोबर एक अट आहे: पडलेले बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे.

ही अट लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. शासनाचा पैसा खोट्या दाव्यांत जाऊ नये, हे बरोबरच आहे. परंतु नदीच्या किंवा नाल्याच्या काठाशी, सर्वांत सखल जागी कोण राहतो, याचा विचार केला म्हणजे अटीचा परिणाम ध्यानात येतो. पाण्याला जात कळत नाही हे खरे. पण गावात सखल जागा कोणाच्या वाट्याला आली, हे जातीने आणि गरिबीने ठरविले. ज्यांची वस्ती गावाच्या शेवटी, नाल्याच्या कडेला, त्यांच्याकडे नमुना आठचा उतारा असेलच असे नाही. कोणी गायरानावर, कोणी ई-क्लास जमिनीवर तीस-चाळीस वर्षांपासून राहतो. शहरात तो भाडेकरू असतो. म्हणजे ज्याचे घर पडण्याची शक्यता सर्वांत अधिक, त्याला घर मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, असा हा उलटा न्याय आहे. कोतवाल, तलाठी आणि ग्रामसेवक यांना त्याची पूर्ण कल्पना असते. पंचनामा लिहिणाऱ्या त्या लहान कर्मचाऱ्याच्या हातात एक कोरा रकाना आणि समोर चिखलात उभे असलेले कुटुंब असते. अनेकदा तोच माणुसकीने वाट काढतो. परंतु कुटुंबाचे भवितव्य एखाद्या कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर सोपविणे हे शासनाला शोभणारे नाही. पूरग्रस्ताला जागेचा हक्क देणे ही पुनर्वसनाची पहिली पायरी मानली पाहिजे. जागा नावावर नसेल तर उत्तमोत्तम नकाशा आणि प्रशिक्षित गवंडी असूनही घर उभे राहणार नाही.

ले-आउटमधील मध्यमवर्ग

हे सर्व खेड्यांपुरते आहे, असे अमरावती-अकोल्यातील सुशिक्षित वाचकाने समजू नये. अमरावतीत अंबा नाला आहे, अकोल्यात मोर्णा शहराच्या मधून वाहते. पाटबंधारे खात्याने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत ठरवून दिलेली आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हा तिचा साधा अर्थ. असे असूनही शहरे वाढतात तेव्हा नाल्याचे पात्र अरुंद होते, लवणात भराव पडतो, ले-आउट पाडले जातात आणि आयुष्यभराची पुंजी किंवा निवृत्तीचा पैसा घालून तेथे प्लॉट घेतो तो शिक्षक किंवा कारकून. प्लॉटवर उभा राहून तो रस्त्याची रुंदी पाहतो, नळाची सोय विचारतो. पूररेषेचा नकाशा मागत नाही. बांधकाम व्यावसायिकाची जबाबदारी येथे आपत्तीनंतर सुरू होत नाही. नाला बुजवून विकलेला प्रत्येक प्लॉट ही पुढच्या आपत्तीची पायाभरणी असते. आणि पुढे पूर आल्यावर त्याच व्यवसायातील लोक मदतीच्या चेकसह छायाचित्रात दिसतात, तेव्हा समाजाने टाळ्या वाजविण्यापूर्वी थोडे आठवून पाहिले पाहिजे.

पावसाळ्यापूर्वीचे काम

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे, पुनर्वसनाची जागा पूर आल्यानंतर न शोधता आधीच ठरवून ठेवणे. पूर्णा, वर्धा, पेढी, मोर्णा यांच्या काठची जी गावे वारंवार पाण्यात जातात, ती महसूल खात्याला तोंडपाठ आहेत. अशा प्रत्येक गावाने ग्रामसभेत बसून आपली उंचावरची, निचऱ्याची जागा दाखवावी, तिची मृद परीक्षा व्हावी आणि ती आरक्षित राहावी. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे, तंत्रनिकेतन आहे. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि या काळ्या मातीचा स्वभाव त्याच्याइतका कोणी अभ्यासलेला नाही. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय शोधत हिंडावे लागते, असे प्राध्यापक म्हणतात. मोर्णेकाठच्या एका गावाची माती तपासून तेथे घराचा पाया कसा असावा हे सांगणारा प्रकल्प, कपाटात धूळ खाणाऱ्या शंभर प्रकल्पांहून मोलाचा ठरेल.

दुसरी गोष्ट, गवंड्यांचे प्रशिक्षण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उन्हाळ्यात काही आठवड्यांचे वर्ग घेऊन काळ्या जमिनीवरील पाया, मुरमाचा भराव, जोते व लिंटल यांवरील पट्टी आणि खारपाणपट्ट्यात पाण्याची निवड या गोष्टी शिकविता येतील. अशा गवंड्यांची यादी प्रत्येक पंचायत समितीत असावी. तिसरी गोष्ट, नकाशाची. वऱ्हाडच्या घराला भाव येईपर्यंत कापूस ठेवायला खोली लागते, पऱ्हाट्या रचायला अंगण लागते, बैलांना कोठा लागतो, बायांना बसायला ओसरी लागते. या गोष्टी चैनीच्या नाहीत. त्यांवर कुटुंबाचे उत्पन्न आणि गावाचे शेजारपण चालते. नकाशा गावापुढे, विशेषतः स्त्रियांपुढे मांडून मगच कायम करण्याचा नियम असावा. आणि चौथी गोष्ट, पैसा टप्प्याने, वेळेवर आणि कुटुंबाच्या हाती, स्त्रीचे नाव घराच्या कागदावर घेऊन द्यावा. १,२०,००० रुपयांत काळ्या जमिनीवर योग्य पायाचे घर होत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. पायासाठी वेगळी तरतूद करण्याची मागणी वऱ्हाडातील लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून केली पाहिजे. पायात वाचविलेला पैसा पुढे भिंतीच्या दुरुस्तीत कित्येक पटींनी जातो, आणि तो शासनाच्या तिजोरीतून न जाता गरिबाच्या खिशातून जातो.

यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही किंवा परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. लागते ती एवढीच सवय की, घर गमावलेल्या माणसाकडे मदतीचा अर्जदार म्हणून न पाहता घर बांधणारा म्हणून पाहावे. पूर्वजांनी काळी आणि पांढरी यांतला भेद ओळखला तो कोणत्याही खात्याच्या परिपत्रकावाचून. पिढ्यान् पिढ्या पावसाळे पाहून, पडलेल्या भिंतींपासून शिकून त्यांनी तो ओळखला. ते शहाणपण गावात अजून शिल्लक आहे. पुढच्या झडीपूर्वी त्याला विचारण्यास कोणी गावात जाणार आहे काय, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर जुलैत देऊन चालणार नाही, ते आताच द्यावे लागेल.